बाईचं बरोबर वय

कडेगाव,
मार्च १९९७

प्रिय नीलिमा,

सप्रेम जयभीम.

'प्रिय' लिहिताना हात अडखळला, पण दोन वर्षांनी लिहिते आहे तर निदान सुरुवात तरी धड करावी. तुझे दाजी बरे आहेत. सकाळी चहा पिताना अजून मधूनच विचारतात, "नीली का यीना झालीया गं?" मी म्हणते, तिची कामं वाढलीत. खरं काय ते त्यांना सांगितलेलं नाही. सांगितलं तर ते पहिल्या एसटीने सांगलीला येतील आणि तुझ्या दारात उभं राहून तुझी शोभा करतील. तू आता जिल्हा परिषदेची सदस्य, पेपरात फोटो येणारी. ती शोभा मला नको.

तुझी माझी गाठ पडली ती तू कुपवाडच्या कारखान्यांतल्या बायकांचा मोर्चा घेऊन कलेक्टर कचेरीवर आलीस तेव्हा. मेढ्याचं सासर सोडून नुकतीच माहेरी आली होतीस. भाषण करताना आवाज मात्र खणखणीत. लोक म्हणायचे, मुक्ताबाईनं पोरीला हाताशी धरलं. तसं काही नव्हतं गं, मलाच तुझी सोबत हवी होती. बैठकीला पन्नास पुरुष आणि मी एकटी, असं किती वर्षं चाललेलं! शेजारच्या खुर्चीवर तू बसायला लागलीस आणि मला बोलताना धीर यायला लागला. पुढे मिरजेला माझं ऑपरेशन झालं तेव्हाही उशाशी तूच होतीस. गर्भपिशवी काढल्याचं फक्त दाजींना आणि तुलाच ठाऊक. पोरांनाही मी नुसतं 'पोटाचं' म्हणून सांगितलं होतं.

मी पहिल्यांदा आमदारकीचं तिकीट मागितलं ते अठ्ठ्याहत्तर साली, पस्तिशीत. तेव्हा पक्षातले म्हणाले, "बाई, अजून तुमी लहान हाय, पोरंबी लहान हायती. जरा दमानं घ्या." मी दम धरला. पोरं मोठी झाली, लग्नं झाली. मी पंचायत समितीत असताना रस्ते झाले, शाळांच्या खोल्या झाल्या, दुष्काळात टँकरपुढे उभी राहून मी भांडणं सोडवली. पंच्याण्णवला पुन्हा मागितलं तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. ह्या वेळी नाही म्हणायला त्यांच्याकडे काही उरलेलं नाही, अशी माझी खात्री होती. काय भाबडी होते मी!

मुलाखतीची रीत तुला माहीतच आहे. इच्छुकाचं बोलून झालं की त्याला व्हरांड्यात बसवायचं आणि त्याच्या सोबतच्या एका माणसाला एकट्याला आत बोलवायचं. पुरुष मंडळी ह्या कामाला पक्का थापाड्या निवडून आणतात. आपला उमेदवार रोज सूर्यनमस्कार घालतो आणि जन्मात कुणाला उलटून बोललेला नाही, असं तो डोळ्याची पापणी न हलवता सांगतो. मी मैत्रीण आणली. सांगलीच्या त्या विश्रामगृहाच्या व्हरांड्यात बसून मी मनातल्या मनात पहिल्या सभेचं भाषण जुळवत होते, कारण आत तू होतीस.

तू बाहेर आलीस आणि माझ्याकडे न बघता पाणी प्यायला गेलीस. मला पुन्हा आत बोलावलं. पक्षाच्या तिघा निरीक्षकांतला आपल्या भागातला जो होता, तो टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाला, "आवं बाई, पिशवी काढलीया म्हणं तुमची. आता उन्हातानात सभा झेपायच्या व्हय?" दुसरा गालात हसला. जात कुणी काढली नाही, तेवढी वेळच आली नाही. पिशवीवरच भागलं. तिकीट मिळालं नाथाजींना. वय सदुसष्ट, हृदयाचं ऑपरेशन झालेलं, सभेत व्यासपीठावर डुलक्या घेणार. त्यांच्या वयाला सगळे अनुभव म्हणाले, आणि ऑपरेशनमुळे तर म्हणे सहानुभूती मिळणार होती! निवडूनही आले. मी तेव्हापासून हिशोब लावते आहे, पस्तिशी आणि बावन्नच्या मध्ये कुठलं वर्ष होतं ज्यात बाई बरोबर वयाची असते? सापडत नाही.

परतीच्या जीपमध्ये तू म्हणालीस, "आक्का, तुझ्या जिवाच्या काळजीनं बोलले गं मी." मी तेही खरं मानायला तयार होते. आठवड्याने कळलं, पुढच्या खेपेला तुझा विचार करू, असा शब्द त्यांनी तुला त्याच खोलीत दिला होता. नाथाजींचा मला राग नाही, ते तसेच आहेत. निरीक्षकांचा थोडा आहे. तू मात्र माझं अंथरूण-पांघरूण बदललं होतंस, नीलिमा. तिथे मी जे तुला दाखवलं, ते तू त्यांच्या टेबलावर नेऊन मांडलंस. माझा विश्वासघात झाला, आणि तो तू केलास. दोन वर्षांत ह्याहून सौम्य शब्द मला सुचला नाही.

आता हे पत्र का ते सांगते. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी तुझं नाव चाललंय. काल नाथाजींची दोन माणसं घरी आली होती. आपलं बिनसलंय हे त्यांना ठाऊक, म्हणून मोठ्या आशेनं आलेली. चहा झाल्यावर एकजण म्हणाला, "पोरगी लय तरणी हाय वो, चौतीस म्हंजी काय वय हाय का? आन् मेढ्यासनं का परत आली, ते तुमास्नी म्हाईत असंल." मला माहीत आहे. तू मिरजेच्या त्या खाटेशेजारी बसून मला सगळं सांगितलं होतंस. मी त्यांना म्हटलं, "कुपवाडच्या बायकांस्नी तिनं पगारी रजा मिळवून दिली, ते इचारा. उपकेंद्राला नर्स कुणी आणली, ते इचारा. बाकीचं इचारायचं आसंल तर उठा." उठले आणि गेले. मी तुला माफ केलेलं नाही, भेटायला येऊ नकोस. फक्त एवढं सांगायचं होतं, की त्या दिवशी व्हरांड्यात बसून मला वाटत होतं, आत तू माझ्याबद्दल हेच बोलत असशील.

अजून तरी तुझीच,
मुक्ताआक्का