बिनखळीचे कपडे

प्रिय किशोरी,

दयानंद सुट्टीवर देवगडला निघालाय, त्याच्या हाती हे पत्र आणि खजूर पाठवतोय. खजूर एका दिवसात गावभर वाटून टाकू नकोस, तुझा हात मला माहीत आहे! पत्र मात्र एकटीने वाच.

इथे सूर्य समुद्रातून वर येतो. लाँड्रीच्या मागच्या दारात मी चहा घेऊन बसतो, समोर धुकं, पाणी कुठे संपतं तेही कळत नाही, आणि त्यातून तो हळूच निघतो. तुझ्या दोरीवरच्या साड्यांवरूनच आलाय असं वाटतं. मग संध्याकाळी तुझ्याकडे तो बुडतो, तो माझ्याच दिशेला. आता विचारशील, बौशरच्या मॉलमधून समुद्र कुठून दिसायला लागला? अगं थांब, सांगतो.

मी मॉलच्या लाँड्रीत नाही. दोन वर्षं झाली, बौशरपासून पाचशे किलोमीटरवर, दुक्म बंदराच्या बाजूला परदेशी फौजेची छावणी आहे, तिथे सैनिकांचे कपडे धुतो. पहिल्याच आठवड्यात मी काय करून ठेवावं! बाबांनी शिकवलं तसं कपडे उजळायची पावडर घातली, खळ दिली, कडक इस्त्री मारली. शर्ट नुसते उभे राहत होते. वाटलं, शाबासकी मिळणार. त्यांच्या साहेबाने कपाळावर हात मारला. अंधारात बघायच्या दुर्बिणीतून असे कपडे चमकतात म्हणे, माणूस लांबून दिसतो. तेव्हापासून पावडर खलास, खळ खलास. माणूस दिसू नये म्हणून कपडे धुवायचे, असली धुलाई बाबांनी स्वप्नातही केली नसती.

मीही तुझ्यापासून तसाच लपून राहिलो. फोन गेटवर जमा करावा लागतो, तुझ्यापुढे नेटवर्कला मी उगाच शिव्या घालत होतो. तू हल्ल्यांच्या बातम्या बघून म्हणालीस, बरं झालं बाई तुम्ही शहरात आहात, आणि मी विषय बदलला. गेल्या आठवड्यात दोनदा भोंगा वाजला. आम्ही वाळूच्या पोत्यांमागे बसून राहिलो. घाबरलो होतो गं, खूप घाबरलो होतो. एका सैनिकाच्या कपड्यांची अठ्ठावीस नंबरची पिशवी अजून रॅकवर आहे, धुतलेली, घडी केलेली. न्यायला कुणी आलेलं नाही.

करार चार महिन्यांत संपतो, मग मी येतोच, इन्शाल्ला. पण काल कंपनीने फॉर्म भरून घेतला, काही झालं तर कुणाला कळवायचं म्हणून. तुझं नाव लिहिलं, नंबर लिहिला, आणि पेन तिथेच थांबलं. दुक्महून कुणी हिंदीत बोलायला लागलं, तर तू म्हणशील, राँग नंबर, आमचे हे बौशरला असतात, आणि फोन ठेवून देशील. म्हणून हे लिहिलं. तसा फोन आलाच, तर ठेवू नकोस किशोरी. तो माझ्याबद्दलच असेल.

तुझाच, बौशरचा नसलेला,
नंदू