गच्चीवरच्या बाईची साक्ष

अप्पा, तुमचा तो इटालियन खुनाचा सिनेमा काल मी पुन्हा पाहिला. आता प्रिंट इतकी स्वच्छ मिळते की मारेकऱ्याच्या काळ्या हातमोज्याची शिवणसुद्धा दिसते. गच्चीवर चादरी वाळत घालणाऱ्या बाईला समोरच्या खिडकीत खून होताना दिसतो, आणि पुढे सिनेमाभर पोलीस, शेजारी, नवरा, सगळे तिला पटवत राहतात की तुझे डोळे चुकले. शेवटी दिग्दर्शक तेच पहिलं दृश्य जसंच्या तसं दाखवतो. त्यात काहीही बदललेलं नसतं. आपणच तिच्यावर विश्वास ठेवलेला नसतो.

अग्रहारातल्या, त्या कानडी ब्राह्मण आळीतल्या घरी रविवारी दुपारी तुम्ही कॉलेजातल्या मित्रांना हे समजावून सांगायचात, कॅसेट मध्येच थांबवून. "बघा, हा माणूस प्रेक्षकाशी खोटं बोलत नाही!" एका रविवारी मात्र ती थांबवलीत, कॉफी आली नाही म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे. तुम्ही आत येता, ओट्यावरचा पितळी लोटा उचलता आणि आईवर फेकता. तिच्या भुवईतून रक्त येतं. "पाय घसरला तिचा," तुम्ही मला अगदी हळू आवाजात सांगता. "तू काही बघितलं नाहीस. सुम्निरु, गप्प राहायचं." बाहेरून कुणीतरी विचारतं, "काय हो, कसला आवाज?" "आमच्याकडेही खून झाला, कॉफीचा!" तुम्ही म्हणालात. सगळे हसले, आणि तुम्ही सिनेमा पुढे चालू केलात.

आई घसरली होती, असंच मी सगळ्यांना सांगत आले. पुढेपुढे तर मला ओली फरशीही आठवायला लागली. लोटा फेकलात त्यापेक्षा ही फरशी मला जास्त छळते. माझ्या डोळ्यांत ती तुम्ही घातलीत. तुमच्या शोकसभेत लोक तुमच्या रसिकतेबद्दल भरभरून बोलले, तेव्हा मी खाली बघून आईच्या पायांजवळची फरशी आठवत बसले होते.

काल आई शेजारीच होती, मांडीवर अवरेच्या शेंगांचं ताट घेऊन. मध्येच पडद्यावरच्या बाईकडे बघत म्हणाली, "ही पोर पहिल्यापासून खरं सांगतेय की गं." मी धीर करून विचारलं, "आई, त्या दिवशी तू घसरली होतीस?"

"घसरायला काय झालं मला? लोटा मारला त्यांनी. तू दारातच होतीस ना, अल्वा?" आणि ती पुन्हा शेंगा सोलू लागली.

फरशी कोरडी होती, अप्पा.

हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, आणि पोचावं असं मला वाटतही नाही. सिनेमा मात्र उत्तम आहे. चांगलं काय ते ओळखायला मी तुमच्याकडूनच शिकले, आणि त्याचा मला अजून राग येतो.