आईनं चालवलेला देखावा

आबा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आपली कारखान्याची वसाहत अजून रोज थोडीथोडी जातेच आहे. यंदा गणपतीत आईला कायमची पुण्याला न्यायची, असं ठरवूनच गेलो. इंदापूरच्या स्टँडवर जीपवाला म्हणाला, "तितं कशाला? तितं आता कोण राहतंय?" राग आला. आपल्या ओळीत बहुतेक घरांना कुलपं आहेत, अंगणांत एरंड माजलाय. आपलं दार मात्र सताड उघडं, आणि घरात आई नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आई देखाव्यावर हाय. तितंच जा."

तुमच्या वेळी कारखान्यातल्या प्रत्येक खात्याचा हलता देखावा असायचा. भंगारातली चाकं, सायकलच्या चेनी, जुनी मोटर. अजून डोळ्यांपुढं आहे, मी डबा घेऊन येतो, तुम्ही पडद्यामागं स्टुलावर, हातात तेलाची बुधली, आणि माझ्यावरच खेकसता, "हितं काय हाय बघण्यासारखं? पुढनं बघ जा!" स्वतः मात्र कधी पुढून पाहिला नाहीत. पट्टा निसटेल म्हणून जागचे हलत नव्हता. मग माणसं कमी झाली, देखावे बंद पडले, आणि एका संध्याकाळी तुम्ही मला म्हणालात, "हितं आता जीव राहिला न्हाय. तू जा." मी गेलो. तुम्हीही फार दिवस राहिला नाहीत.

मैदानात पोचलो तर ही रांग! बारामतीच्या गाड्या, शेळगावहून ट्रॉल्या भरून आलेली माणसं. वसाहतीत उरलेल्या बायकांनी शिफ्ट सुटतानाचं कारखान्याचं गेट उभं केलं होतं. जुने गणवेश फाडून शिवलेल्या बाहुल्या सायकली मारत गेटातून येत होत्या, वळणावर घंटी वाजत होती. माझ्या पुढचा शेळगावचा गडी बायकोला म्हणाला, "मी ह्याला भुतांचं गाव म्हणायचो. लई कलाकार माणसं हायत की गं हितं!" मला हसू आलं.

पडद्यामागं गेलो. स्टुलावर आई, पदर खोचलेला, हात तेलानं काळे.

"तो टोपी वाकडी घातलेला बघितलास का? तुझे आबा," ती म्हणाली. "त्यांच्याच शर्टाचं कापड हाय. म्हटलं, यंदा तरी त्यांना पुढं राहू दे."

मी म्हणालो, "आई, चल पुण्याला. कायमची."

"आणि हे कोण चालवंल?" तिनं चेनीवर तेल सोडलं. "जीव न्हाय राहिला म्हणायचे. त्यांचं चुकलं, असं न्हाय म्हणत मी. पण मी हाय की अजून हितं."

फार चिडलो मी तुमच्यावर, आबा. हे बघायला तुम्ही हवे होता. आपल्या गावाची आशा तुम्ही इतक्या लवकर का सोडलीत?

दुसऱ्या दिवशी एकटाच पुण्याला परत आलो. आई एकटी पडलीय, असं मी सगळ्यांना सांगत असतो. खरं तर बायको गेल्यापासून पुण्याच्या घरात मलाच करमत नाही. हे आईला सांगितलं असतं, तर ती सगळं टाकून तशीच माझ्याबरोबर निघाली असती. म्हणून फक्त तुम्हाला सांगतोय. तुमच्याकडून तिला कळायची भीती नाही.