दिवाबत्ती कर

बाबा, तुम्हाला जिथं जाळलं, तिथं आता गावातला सगळ्यात मोठा दिवा लागतो. उंच खांब, वर सहा पांढरे बल्ब. बटण दाबायलाही कुणी लागत नाही, दिवस कलला की तो आपोआप पेटतो. खालच्या टोलीवर, गावाबाहेरच्या त्या गरीब वस्तीत, मात्र एकाही खांबावर बल्ब नाही. घरटॅक्सच्या पावतीवर दिवाबत्ती कर तेवढा छापून येतो, आणि वाढूनच येतो. काडीपेटीपासून साबणापर्यंत सगळ्यावर कर देणारी माणसं चाचपडत घरी जातात. पोळ्यानंतर टोलीवरची एक म्हातारी अंधारात नालीत पडली. खुबा मोडला, अजून खाटेवरच आहे. मला याची फार चीड येते. कुणावर काढू, तेच कळत नाही.

ग्रामपंचायतीचे कंदील तुम्ही लावायचे, ते दिवस आठवतात. तुमच्या खांद्यावर शिडी, हातात रॉकेलचा डबा, आणि मागं मी काच पुसायचं फडकं घेऊन. एकदा मी हट्ट धरला, आधी आपल्या दारासमोरचा लावा. तुम्ही शिडीवरूनच खेकसलात, "तुया बापाचं तेल हाये का हे? गावाचं हाये. पयले टोली, मंग आपन." बापानंच असं म्हणावं! मी रडत घरी पळाले. नंतर चुलीपाशी मला जवळ ओढून म्हणालात, "काहून रडून राहिली? अंधार त्यायच्याकडं जास्त हाये ना."

आता मी त्याच टोलीवरून निवडून आलेली मेंबर आहे. मोठ्या दिव्याचा निधी आला तेव्हा आमच्या पॅनेलला तो टोलीवर हवा होता. सरपंचाच्या पॅनेलला तालुक्याहून निरोप आला: टोली आपल्याला मत देत नाही, तिथं नको. मार्चच्या आत खर्च तर दाखवायचाच, मग स्मशानात लावा. मेलेले कुणाच्याच पॅनेलचे नसतात. सरपंच सभेत असं म्हणाला, तेव्हा सगळे हसले. वाद मिटेना म्हणून गुप्त मतदानाच्या चिठ्ठ्या टाकल्या. आमचे पाच, त्यांचे चार. मोजल्या तेव्हा टोलीला चार आणि स्मशानाला पाच निघाल्या. फुटलं कोण, यावर गावात अजून कुजबुज चालते. टोलीवाल्यांचा संशय दुसऱ्याच एका मेंबरवर आहे. त्याच्या घरी आता कुणी पाणीही पीत नाही.

आणि बाबा, संध्याकाळ झाली की टोली एकेक करून स्मशानाकडं चालू लागते. ज्या बाया कधी मयतीसोबत तिथवर गेल्या नाहीत, त्या ओट्यावर भाजी निवडत बसतात. पोरं पाढे म्हणतात. परवा एक चिता अजून धुमसत होती, तरी कुणी उठलं नाही, नुसत्या चटया थोड्या सरकवल्या. सगळे हळू आवाजात बोलतात, कुणी झोपलं असावं तसं. पाठीमागून दिव्याचा उजेड येतो आणि सगळ्यांच्या सावल्या लांबत लांबत टोलीच्या पहिल्या घरांपर्यंत पोचतात. घरं रिकामी, भिंतींवर माणसं हलताना दिसतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी वाटेतूनच परत फिरले. आता मीही जाते.

काल त्या खाटेवरच्या म्हातारीची सून शेंगा सोलता सोलता म्हणाली, "आमच्या बुढीले इथंच आणून ठेवतो, बाई. उजेड त भेटन तिले." कुणी हसलं नाही. दुसरी म्हणाली, "सरकारले मेलेलेच दिसते, जित्ते नाही दिसत." मग सगळ्या मिळून सरकारला शिव्या देऊ लागल्या, आणि मीही दिल्या, सगळ्यांत मोठ्यानं.

ती पाचवी चिठ्ठी माझी होती. सरपंचाचे लोक मला उपसरपंच करतो म्हणाले होते, केलंही नाही. हे खरं तर त्या सुनेला सांगायचं होतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण तुम्ही कुणाला सांगणार नाही.