शेंगदाणा घरी येण्याआधी

हर्नडन, १२ सप्टेंबर २००६

ती. सौ. सुचित्राताईंना,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. फोनच केला असता, पण नाना फोनशेजारीच बसलेले असतात आणि तुमच्या वडिलांचे कान अजून माझ्यापेक्षा तिखट आहेत. म्हणून ऑफिसात लंच-टाइममध्ये लिहितेय.

अनयाचा हट्ट शेवटी तिच्या बाबाने, म्हणजे तुमच्या भावाने, मान्य केला. आमच्याकडे फेरेट येतोय. मुंगसाचा लांबचा भाऊ समजा: हातभर लांब, दिवसभर झोपणारा आणि जागा झाला की दिसेल त्या भोकात शिरणारा. प्राण्यांच्या शेल्टरवाल्या बाईंनी त्याचं नाव पीनट ठेवलंय. नाना आधीच त्याला शेंगदाणा म्हणायला लागले. बाई आमचं घर बघायला येणार आहेत. त्याआधी ड्रायरमागची फट बुजवायची, सिंकखालचं कपाट पक्कं बंद करायचं आणि रिक्लायनर काढून टाकायचा. खुर्चीच्या आतल्या पट्ट्यांत शिरून हे प्राणी चिरडून मरतात म्हणे.

आता तो रिक्लायनर म्हणजे नानांची जागा. ती हलवायलाच हवी, असं मी किचनमध्ये यतीनला म्हटलं, ते त्यांनी ऐकलं असणार. कारण रविवारी जेवताना त्यांनी शांतपणे सांगितलं, की माझं डिसेंबरचं तिकीट अलीकडचं करून घ्या, मला नागपूरला जायचंय. कारण विचारलं तर म्हणे थंडी. सप्टेंबरात कसली थंडी! अनयाने ‘इज इट बिकॉज ऑफ मी?’ एवढंच विचारलं आणि ताट तसंच टाकून खोलीत गेली.

ताई, एका जनावरासाठी म्हाताऱ्या माणसाला घरातून घालवणारी सून झाले का हो मी? झोप लागत नाही.

राग आला असेल तर तोही लिहा, पण लिहा.

तुमची,
रेणू


प्लेनो, १६ सप्टेंबर २००६

चि. सौ. रेणूस,
अनेक आशीर्वाद.

सून म्हणून तू कशी ते आपण सवडीने ठरवू, आधी डोळे पूस. नाना खुर्चीवरून रुसणारे नाहीत. वसंतात माझ्याकडे होते तेव्हा न आवडलेलं सगळं तोंडावर सांगत होते: आमटी पांचट, आमच्या यांचं ड्रायव्हिंग बेफाम, प्लेनो सपाट. खुर्ची हवी असती तर तसं म्हणाले असते. पण आईच्या आजारपणात कुणी काही विचारलं की ते असंच हवापाण्यावर बोलायचे. त्यामुळे ‘थंडी’ म्हणाले याचीच मला धास्ती वाटते.

रविवारी जेवणाआधी काय घडलं ते सगळं लिही. क्षुल्लक वाटलं तरी लिही. आणि त्या प्राण्याच्या दातांचंही कळव. दिवाळीला आम्ही तिकडे येणार आहोत, आणि मी साध्या उंदराला घाबरते.

माझ्या माहेराला सांभाळते आहेस, तशीच स्वतःलाही सांभाळ.

सुचित्राताई


हर्नडन, २१ सप्टेंबर २००६

ती. सौ. ताईंना,
सा. न.

रविवारी खरंच विशेष काही झालं नाही. अनयाने रंगीत तालीम घेतली, एवढंच. यतीनच्या मोज्यात कापूस भरून, बटणांचे डोळे लावून तिने खोटा शेंगदाणा केला आणि दिवसभर कार्पेटवर इकडेतिकडे ठेवत राहिली. सगळ्यांनी खाली बघून चालायचं. मी एकदा चुकले. नानांनी मात्र तीनदा तुडवला, तिन्ही वेळा डाव्या पायाखाली. ‘आजोबा, यू किल्ड हिम अगेन’ म्हणून ती खिदळली. आम्हीही हसलो. तेही हसले, मग बराच वेळ तो मोजा मांडीवर घेऊन बसले.

आता ते संध्याकाळी फिरायलाही जात नाहीत. तिकिटाचं अजून झालं नाही का, असं रोज विचारतात. यतीन सोमवारी एअरलाइनला फोन करणार आहे. शेल्टरच्या बाईंना नको म्हणून कळवू का? अनया तयार आहे. तेच जास्त लागतं मनाला.

दात बारीक आणि अणकुचीदार आहेत. खोटं कशाला सांगू?

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
रेणू


हर्नडन, ८ ऑक्टोबर २००६

चि. सुचित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ओळी खाली घसरल्या असतील, सांभाळून वाच. रेणूच्या पत्रातला ‘डावा’ शब्द वाचून तू यतीनला ऑफिसात फोन केलास, विमानाचं नंतर बघ, आधी नानांचे डोळे दाखव, म्हणून ओरडलीस. तो दुसऱ्याच दिवशी मला घेऊन गेला. मला वाटत होतं मोतीबिंदू असेल, नागपूरला जाऊन गुपचूप काढून घेऊ. निघाला काचबिंदू. डाव्या डोळ्याचं गेलं ते परत येणार नाही. उजवा वाचेल, औषधाचे थेंब मात्र जन्मभर घालायचे. आणखी काही महिने असेच काढले असते तर त्याचंही सांगता येत नव्हतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ऐकून यतीन गाडीत बसून रडला. एवढा मोठा झाला तरी!

रेणूला वाटत होतं, मी खुर्चीसाठी रुसलो. वेडी पोर. मोजा तिसऱ्यांदा पायाखाली आला तेव्हा माझ्या मनात आलं, आज कापूस आहे, उद्या जीव असेल. नातीच्या डोळ्यांदेखत तिचं जनावर माझ्या पायाखाली मरण्यापेक्षा आपणच निघावं. हे मी अनयाला स्वतः सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि फेरेट कॅन्सल करू म्हणाली. मी नाही म्हटलं. रिक्लायनरही मीच यतीनला उचलायला लावला.

काल तो आला. मी सतरंजीवर पाय पसरून बसलो होतो, उठायचंच नाही असं ठरवून. शेंगदाण्याने सगळं घर हुंगलं, रेणूच्या सपातीशी भांडला आणि डाव्या बाजूने, मला न दिसता, माझ्या स्वेटरच्या बाहीत शिरला. कोपरापाशी जाऊन तो वेटोळं करून झोपला. अनयाने कुजबुजत बजावलं, की आजोबा, डोंट मूव्ह.

मी हललो नाही. रेणूने चहा आणून ठेवला, तो गार झाला, तिने दुसरा केला, तोही गार झाला. भीती अजून आहे, पोरी. पण डिसेंबरपर्यंत मी इथेच आहे. तुम्ही दिवाळीला या, आणि येताना माझ्यासारखं खाली बघून चाला.

सर्वांना माझी आठवण सांग, आणि तुझी माया आहे तशीच ओरडत राहू दे.

तुझे,
नाना