बंद चौकीचा फोन

ता. ३ फेब्रुवारी

चि. धाकटीस अ. उ. आ.

पत्र पोचलं. नोकरी पक्की झाली हे वाचून बरं वाटलं. जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षात बसून दिवसभर पडदे पाहायचे आणि त्याचा पगार घ्यायचा, हे शेजारच्या सलूनवाल्याला दोनदा सांगितलं. त्याला दोन्ही वेळा खोटं वाटलं.

इकडची बातमी म्हणजे चौकातली पोलीस चौकी बंद झाली. सरकारने सुरक्षेवरचा खर्च वाढवला, म्हणून हवालदार काढून घेतला. खर्च वाढला तर माणूस कमी कसा झाला, असं मी हवालदारालाच विचारलं. तो म्हणाला, पैसे कॅमेऱ्यांत गेले आणि माझी बदली बावीस किलोमीटर लांब. जाताना त्याने कुलूप लावलं. फोन आतच राहिला.

कॅमेरा नेमका माझ्या दुकानासमोरच्या खांबावर बसलाय. शिलाई मशीनवर मी आता पाठ ताठ ठेवतो. गिऱ्हाइकाला उद्या या म्हणताना मात्र अवघडल्यासारखं होतं.

प्रकृतीस जपावे. माया आहे तशीच दाट असू द्यावी.

तुझे बाबा


ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

आपला चौक माझ्याच वाट्याला आलाय, पडदा क्रमांक चौदा. तुम्ही एक वाजता जेवतो असं लिहिता. डबा अडीचला उघडतो, तोही गिऱ्हाईक नसेल तर.

पडद्यावर माझे वडील आहेत, असं मी साहेबांना प्रामाणिकपणे सांगितलं. ते म्हणाले, हरकत नाही, पण वहीत वडील लिहायचं नाही, इसम लिहायचं. त्यामुळे रोज सकाळी मी लिहिते, ‘इसमाने दुकान उघडले.’

रागावू नये, आणि पत्रांचा हात आखडू नये.

तुमची धाकटी


ता. १२ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुम्हाला दवाखान्यातून घरी आणून सोडलं आणि काल कामावर रुजू झाले. तिथे चार दिवस तुमच्या उशाशी बसूनही बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

त्या दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही दुकानाच्या पायरीवर बसलात. मी लिहिलं, इसम बसला. मग तुम्ही एका अंगावर कललात. मला वाटलं डुलकी लागली. लिहिलं, इसम आडवा. पेन ठेवल्यावर तुमचा हात छातीवर दिसला.

नियमाप्रमाणे जवळच्या चौकीला फोन लावला. आमच्या यंत्रात जवळची चौकी अजून आपलीच आहे. रिंग जात होती, आणि पडद्यावर तुमच्या मागे तीच चौकी दिसत होती, कुलपासकट. फोन सोळा वेळा वाजला. मी मोजत बसले, बाबा. हे मला कुणाला तरी सांगायचं होतं.

मग स्वतःच्या मोबाईलवरून सलूनवाल्या काकांना लावला. पडद्याच्या कडेने ते धावत आले, मागून अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक. दोघांनी तुम्हाला उचलून टेम्पोत घातलं. वहीत काय लिहावं सुचलं नाही. ती ओळ कोरीच आहे.

आता दोन कागद आलेत. एकात, कॅमेऱ्यामुळे प्राण वाचले म्हणून कक्षाचं अभिनंदन. दुसऱ्यात, कामाच्या वेळी खाजगी फोन वापरला म्हणून माझ्याकडे खुलासा मागितलाय. दोन्हींवर सही एकाच साहेबांची.

जिना चढू नये. लेकीवर राग नसावा.

तुमची धाकटी


ता. २८ मार्च

चि. धाकटीस अ. उ. आ.

सोळा वेळांचं मनातून काढून टाक. मी पायरीवर पडून काहीच मोजत नव्हतो.

तुझे साहेब परवा कारकून घेऊन दुकानात आले. कॅमेऱ्यांच्या यशाची पुस्तिका निघतेय, तिच्यासाठी माझे दोन शब्द हवे होते. मी म्हणालो, “कॅमेऱ्याने पाहिलं, पोरीने पाहिलं, धावला सलूनवाला. बघणाऱ्यांचा खर्च सरकार करतं. धावणाऱ्याची तुम्ही बदली केलीत.”

कारकुनाने लिहून घेतलं आणि साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी खोडायला सांगितलं नाही. उठून चौकीपाशी गेले, कुलूप हलवून पाहिलं, मग खिशातून मोबाईल काढून चौकीचा नंबर लावला. आत फोन वाजायला लागला. आम्ही सगळे बाहेर ऐकत उभे. तो आपोआप थांबेपर्यंत साहेबांनी बंद केला नाही.

जाताना म्हणाले, मुलीचा खुलासा मिळाला असं समजू. तेव्हा तू आता आणखी काही खुलासे करू नकोस.

खाण्यापिण्याची आबाळ नको, आणि आमचा विसर नको.

तुझे बाबा


ता. २० एप्रिल

ती. बाबांस सा. न. वि. वि.

हवालदार सोमवारपासून परत येतोय. नवीन पैसा मात्र मंजूर झाला नाही. एका माणसाच्या पगारासाठी चार कॅमेरे बंद करायचे, कोणते ते कक्षाने सुचवायचं. साहेबांनी यादी माझ्यावर सोपवली. म्हणाले, नको असेल तर दुसऱ्याला देतो.

मीच केली. जिथे माणूस येतोय, तिथला कॅमेरा आधी जायला हवा. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी अर्धा दिवस गेला. पहिला आकडा चौदा लिहिला.

आता तुम्ही मला दिसणार नाही. काय होतंय, काय दुखतंय, ते खरं खरं कळवत जावं. एवढा लोभ करावा.

तुमची धाकटी


ता. २ मे

चि. धाकटीस अ. उ. आ.

हवालदार आला. पहिला दिवस चौकी झाडण्यात गेला, दुसऱ्या दिवशी दोन भांडणं मिटवली. खांबावरचा कॅमेरा काढून नेला.

बाबा आता दिसणार नाहीत, असं तू लिहितेस. अगं, दवाखान्यातले ते चार दिवस सोडले तर तू तिकडे गेल्यापासून मला एकदाही दिसली नाहीस. तुझ्यापुढे पडदा होता, माझ्याकडे नुसतं अक्षर. सवय होते म्हणतात. मला झाली नाही.

तुझी बारा दिवसांची रजा शिल्लक आहे, असं साहेब त्या दिवशी सहज बोलून गेले. मी तेव्हा तुला कळवलं नाही, उगीच कामात व्यत्यय नको म्हणून.

आता कळवतो. ये.

तुझे बाबा