लेझर, सासरे आणि कपड्यांचे चिमटे

क्लातेन, ऑगस्टची सुरुवात

आदरणीय तुकीरिनदादा यांस, धाकट्या मावसभावाचा, म्हणजे वार्सिदीचा, सलाम.

अस्सलामु अलैकुम. आपली प्रकृती, आपला डावा गुडघा, वहिनी, मुलं आणि दुकानाच्या दारात बांधलेला तो चावरा हंस, सगळे खुशाल असतील अशी आशा करतो. (हंसाबद्दल आशा करत नाही, फक्त विचारतो. गेल्या ईदला त्याने माझी पोटरी धरली होती आणि आपण म्हणालात, तो फक्त ओळख करून घेतोय.) इकडे सर्व क्षेम आहे, निदान लोक तरी तसं म्हणतात. मी अजून खात्री करून घेतलेली नाही.

आपण विचारलंत, की इतकी वर्षं सोड्याच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा सुखाने वापरणाऱ्या माणसाला एकाएकी डोळ्यांत लेझर मारून घ्यायची काय हौस आली. बाहेर मी सगळ्यांना सांगितलं, की पावसात मोटारसायकल चालवताना काचा भिजतात आणि काही दिसत नाही. बायकोला, लास्त्रीलाही, तेच सांगितलं. ते खोटं होतं. खरं कारण माझे सासरे. मला त्यांची लबाडी पकडायची होती.

आपल्याला ठाऊक आहेच, की आमच्या गल्लीत बु यातमी या बाईंच्या कॉफीच्या टपरीवर रोज दुपारच्या नमाजानंतर डॉमिनोचा डाव बसतो, ठोकळ्यांचा नाही, लाल ठिपक्यांच्या पत्त्यांचा. सासरे, मी, तोफूवाला सार्जोनो आणि न्हावी कास्मिन. पैसे नसतात. ज्याच्या हातात शेवटी जास्त ठिपके उरतात, त्याच्या कानाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा आणि तो तसाच ठेवून पुढचा डाव खेळायचा. (दिवसाचा खेळ संपेपर्यंत काढायचा नाही. पाहुणे आले तरी नाही. सार्जोनोच्या मुलीला बघायला आलेल्या मंडळींशी त्याने तशाच कानांनी बोलणी केली होती आणि ती जमली.) आता स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण लग्न झाल्यापासून माझ्या कानाला चिमटा फारच क्वचित लागला. अख्खी गल्ली मला उस्ताद म्हणते. सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनाच्या स्पर्धांत, पोरांच्या पोत्याच्या शर्यतीनंतर, शेजारच्या गल्लीशी डॉमिनोचा सामना असतो. यंदा आमच्या गल्लीतर्फे मी आणि सासरे बसणार असं ठरलं, आणि तिथेच माझ्या डोक्यात किडा वळवळला.

कारण म्हातारा माझी पानं बघायचा. हो, बघायचा. मी पानं उचलली, की त्यांची नजर माझ्या तोंडाकडे लागायची. मग ते घसा खाकरायचे, "पास", म्हणजे लावायला जुळणारं पान नाही, असं म्हणून टेबलावर टिचकी मारायचे आणि गालातल्या गालात हसायचे. मला त्यांच्या हातातलं काही दिसायचं नाही, कारण टपरीत उजेड म्हणजे नावापुरता, आणि माझ्या जाड चष्म्यातूनही टेबलापलीकडचं धूसरच दिसायचं. मी कास्मिनला म्हटलं, आमचे सासरे लबाडी करतात. तो म्हणाला, "अरे, चिमटे तर सगळे त्यांच्याच कानाला असतात. लबाडी करून कोणी हरतं का? आणि तुला या टेबलाचा दुसरा कोपरा तरी दिसतो का?" हे शेवटचं मला लागलं. मला वाटलं, म्हातारा रोज मुद्दाम हरून मला गाफील ठेवतोय आणि स्पर्धेत काहीतरी भयंकर करणार आहे. शेजारच्या गल्लीत त्यांचा सख्खा भाऊ राहतो, हेही लक्षात घ्या. तेव्हा ठरवलं, काय वाटेल ते होवो, डोळे करून घ्यायचे.

योग्या शहरातल्या त्या डोळ्यांच्या दवाखान्याविषयी माझं मत विचाराल तर मला तो फार स्वच्छ वाटला. इतकी स्वच्छता माणूस काही लपवायचं असल्याशिवाय ठेवत नाही. डॉक्टरीणबाई हसतमुख, आणि त्यांच्या स्वतःच्या डोळ्यांवर माझ्याइतकाच जाड चष्मा. मी विचारलं, तुम्ही का नाही करून घेतलं? तर म्हणाल्या, "अहो, मला भीती वाटते!" आणि खळखळून हसल्या. मला पळायचं होतं, पण तोवर त्यांनी डोळ्यांत थेंब घातले होते आणि दार कुठल्या बाजूला आहे हे मला दिसत नव्हतं. मग आडवं करून पापण्या फाकवून ठेवायची एक चीज लावली. समोर एक हिरवा ठिपका. "त्याच्याकडेच बघा हं, काका, दुसरीकडे नाही." (काका! मी चाळिशीच्या आतला माणूस.) मग डोळ्यावर दाब आला, सगळं काळंभोर झालं, यंत्र टकटक करायला लागलं आणि केस जळाल्यासारखा वास सुटला. मी विचारलं, हे काय जळतंय? बाई म्हणाल्या, काही जळत नाही. दादा, चुलीवर भात करपला की लास्त्रीही असंच म्हणते. तोवर एक डोळा झालाही होता.

लगेच घरी सोडलं. इथेच घोटाळा झाला. आपल्याकडे माणूस दवाखान्यात गेला, की गल्लीने भेटायला जायचं, ही रीत. गल्लीने माझ्यासाठी आधीच उघडा ट्रक ठरवून ठेवला होता. डोळ्याची शस्त्रक्रिया आटपून माणूस त्याच दिवशी घरी येतो, यावर कोणाचा विश्वासच नव्हता. मी एका रस्त्याने क्लातेनला परत येत होतो, तेव्हा दुसऱ्या रस्त्याने बायकापोरांसकट सबंध गल्ली मला बघायला योग्याला चालली होती. दवाखान्यात मी नाही. आता ट्रकचं भाडं तर ठरलेलं, डबे बांधलेले. मग मंडळी तशीच पुढे समुद्रावर गेली. दुसऱ्या दिवशी सगळे माझ्या घरी आले ते लाल झालेल्या नाकांनी आणि केसांतल्या वाळूसकट. मी खुर्चीत बसलो होतो, तर लास्त्रीने दटावलं, "आडवे पडा आधी! माणसं आजाऱ्याला बघायला आलीत." मी आडवा पडलो. डोळ्यांवर झाकणं, वर काळा चष्मा, अंगावर चादर. सार्जोनोने माझ्या तोंडासमोर बोटं नाचवून विचारलं, "किती?" मी मुद्दामच चुकीचं सांगितलं. मला किती दिसतं, हे या लोकांना आत्ताच कळायला नको होतं.

त्यानंतर सुरू झाला मरळ माशाचा रस्सा. कापाकापी झालेल्या माणसाला मरळ पाजली की जखम भरते, हे आपणही मानता, म्हणून मी त्याविरुद्ध बोलत नाही. पण माझी जखम केसाएवढी आणि रस्सा प्रत्येक घरातून एकेक डबा! सकाळी मरळ, दुपारी मरळ, संध्याकाळी मरळ. डोळे कोरडे पडायचे, वाळू गेल्यासारखे खुपायचे, तासातासाला थेंब घालायचे, चोळायचे मात्र नाहीत. लास्त्री माझे हात बघत बसायची. सासरेही रोज यायचे. उशाशी बसायचे, माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे आणि सुस्कारा सोडायचे. "चष्मा कायमचा गेला का रे?" मी म्हणायचो, हो बाबा, कायमचा. की पुन्हा सुस्कारा. दादा, जावयाला दिसायला लागलं म्हणून सुस्कारे टाकणाऱ्या माणसाच्या मनात काय असेल, हे आपणच सांगा. आपण भेटायला आलात, तेव्हा माझा जुना चष्मा मी ऐटीत काढून आपल्याला दिला आणि म्हटलं, घेऊन जा, उपयोगी पडेल कोणाच्या. तो मुद्दाम त्यांच्यासमोर दिला.

बरा झाल्यावर पहिल्याच दुपारी मी काळा चष्मा लावून टपरीत गेलो. आता दिसत असूनही दिसत नसल्यासारखा बसलो. बाबांनी पानं उचलली आणि जवळचं बघायचा आपला चष्मा नाकावर चढवला. ते उजेडाकडे तोंड करून बसले होते. आणि दादा, त्यांच्या काचांत मला लाल ठिपके दिसले! त्यांची पानं, एकूण एक, त्यांच्याच चष्म्यात. आधी वाटलं, शस्त्रक्रिया बिघडली, आता आयुष्यभर हवेत ठिपके दिसणार. मग नीट बघितलं. टेबलावर मांडलेल्या ओळीच्या टोकाला पाच ठिपके होते, म्हणजे तिथे पाचाचं पान लागणार. बाबांच्या हातात पाचाचं पान होतं. ते त्या पानाकडे बघत बसले, नंतर माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "पास." टिचकी. हसू.

मी तसाच उठलो आणि धावत घरी आलो. लास्त्री मिरच्या वाटत होती. म्हटलं, पकडला! तुझा बाप लबाड आहे. हातात पान असून पास म्हणतो, मी या नव्या डोळ्यांनी बघितलं. तिने वरवंटा थांबवला नाही. "आत्ता दिसलं होय?" म्हणाली. मग विचारलं, "आणि लबाडी करून ते कोणाला फसवतात?" मी तिच्यासमोर जमिनीवर बसकण मारली.

मग तिने सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्याच ईदला मी टपरीत हरलो होतो. नवा जावई, म्हणून पोरांनी हौसेने कान भरून चिमटे लावले, चष्म्याच्या काडीवरही लावले. चष्मा खाली पडला आणि मी बाकाखाली गुडघ्यांवर चाचपडत राहिलो. सगळी टपरी हसत होती. मला हे आठवतं, पण मी ते विसरलो आहे असं मी ठरवून टाकलं होतं. लास्त्री म्हणाली, "सगळे हसले, बाबा नाही हसले. घरी येऊन जेवले नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी तुम्हाला हरू दिलं नाही." मी विचारलं, अगं, पण त्यांना माझी पानं कशी कळायची? "तुमच्या त्या जाड काचांत सगळी दिसायची की. म्हणून तर ते तुमच्या तोंडाकडे बघायचे. नाहीतर तुमच्या तोंडात बघण्यासारखं काय आहे?"

दुसऱ्या दिवशी मी काळा चष्मा न लावता गेलो आणि त्या दिवशी, दादा, आपला हा उस्ताद काय आहे, ते गल्लीला कळलं. माझे दोन्ही कान भरले, मग कॉलर भरली, मग कास्मिनने नाकाला लावला. शेवटी बु यातमीला दोरीवरचे ओले कपडे उतरवून चिमटे द्यावे लागले. सगळ्यात वाईट म्हणजे बाबा जिंकत होते आणि रडकुंडीला आले होते. माझ्या कानाजवळ तोंड आणून हळूच म्हणाले, "जावईबापू, मी तरी काय करू? आता तुझी पानं दिसत नाहीत. अंदाजाने हरावं म्हटलं, तर चुकून जिंकतो!" आणि त्यांच्या वाट्याचा चिमटा त्यांनी माझ्या कानाच्या पाळीला इतक्या अलगद लावला, की तो आपला आपण गळून पडला. मला त्या क्षणी फार लाज वाटली आणि त्याहून जास्त, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. कानांवर एवढी झालर घेऊन ते शोभलं नसतं, म्हणून पडलो नाही.

इथेच थांबतो. वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद, हंसाला काही नाही.

आपला,
वार्सिदी

ता. क. : खरं काम लिहायचं राहिलं. आपल्याला दिलेला माझा जुना चष्मा कोणाला देऊन टाकला नसेल, तर जुन्या काचा काढून साध्या, पण चांगल्या चकाकणाऱ्या काचा बसवून सतरा ऑगस्टच्या आत पाठवून द्यावा. गल्लीला सांगेन, शस्त्रक्रियेचा गुण थोडा उतरला. डॉक्टरीणबाईंचं नाव खराब होईल, पण त्या बिचाऱ्या स्वतःच घाबरतात, समजून घेतील.

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवत होतो तोच बाबा आले. शर्टाच्या आतून काहीतरी काढून माझ्या हातात कोंबलं आणि दाराकडे बघत कुजबुजले, "बाजारातून आणलाय. साधी काच आहे. सामन्यापुरता घाल, कोणाला कळायचं नाही." दादा, नवा कोरा चष्मा, वरची किमतीची चिठ्ठीही काढलेली नव्हती. मी तो घालून आरशात बघितलं. आरशात माझ्या मागे बाबा उभे होते आणि माझ्या काचांत बघून समाधानाने मान हलवत होते. त्यांच्या दोन्ही कानांच्या कडांना चिमट्यांचे जुने वण आहेत. काळे पडलेले, एकाशेजारी एक. इतकी वर्षं रोज समोर बसून ते मला दिसले नव्हते. मी चष्मा काढला, त्यांच्या खिशात परत ठेवला आणि म्हटलं, बाबा, सामन्यात तुम्ही जिंकायचं, अगदी जीव तोडून. मला तुम्हाला जिंकताना बघायचंय.

तेव्हा चष्मा पाठवू नये. त्याऐवजी आपल्या दुकानात ते लाकडी, सैल तोंडाचे चिमटे असतात, ते एक मोठं पाकीट भरून पाठवावेत. इथले प्लास्टिकचे फार चावतात, आणि माझे कान अजून नवीन आहेत.